बाबांचा नवा शब्द

लिफ्टमध्ये त्या बाईंनी विचारलं, "बाबा कसे आहेत आता?" आणि ती म्हणाली, "बरे आहेत."

बाई अनोळखी होत्या. हातात चष्म्याची नवीकोरी डबी, म्हणजे तळमजल्यावरच्या चष्मेवाल्याकडचं काम उरकून तिसऱ्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरकडे निघाल्या असाव्यात. तिला त्यांनी तिच्या व्हिडिओंच्या पेजवरून ओळखलं होतं, आणि पेजवरून ओळखणारे हसतात तसं जरा हक्काचं हसल्या होत्या. दुसऱ्या मजल्यावर दार उघडलं, ती बाहेर पडली. "आरसा बघ म्हणावं त्यांना," बाई मागून म्हणाल्या आणि दार मिटलं. बाबांना जाऊन तेरा आठवडे झाले होते. पॅसेजमध्ये ती किल्ली हातात धरून तशीच उभी राहिली. खोटं बोलल्याचं तिला त्या क्षणी फारसं काही वाटलं नाही. लिफ्टमध्ये माणसं काहीबाही बोलतातच. ती चमकली ती स्वतःच्या आवाजाने. माणसाचा शब्द कुठे अडतो, कुठे घसरतो, कुठे श्वास अपुरा पडतो हे ऐकण्यावर तिचं पोट होतं. एकोणीस वर्षं ती तेच करत आली होती. आणि 'बरे आहेत' हे दोन शब्द कुठेही अडले नव्हते. मध्ये थांबा नाही, आवाजाला कंप नाही. समोर पेशंट असता तर तिने वहीत लिहिलं असतं, उच्चार स्वच्छ, गती योग्य.

दवाखाना कान-नाक-घशाच्या डॉक्टरांचा. पुढची खोली त्यांची, मागची तिची. मागच्या खोलीत एक टेबल, समोरासमोर दोन खुर्च्या, तिसरी घरच्या माणसासाठी भिंतीला लावलेली, ओठ कसे हलतात ते पेशंटला दिसावं म्हणून एक आरसा, आणि चित्रांच्या पत्त्यांचे सात गठ्ठे. कप, कात्री, छत्री, किल्ली. मेंदूत रक्ताची एक बारीकशी गुठळी अडकते आणि साठ वर्षं कात्रीला कात्री म्हणणाऱ्या माणसाला कात्री दिसते, कळते, हातात दिली तर कापताही येतं, फक्त तिचं नाव येत नाही. तो 'छत्री' म्हणतो आणि स्वतःवरच चिडतो. अशा वेळी तिने शब्दाचा पहिला आवाज द्यायचा, "का...", आणि वाट बघायची. वाट बघणं हेच निम्मं काम. घरच्यांना नेमकं तेच जमत नाही. ते घाईने शब्द पुरवतात, आणि माणूस दिवसेंदिवस गप्प होत जातो. हे एकेका घराला समजावून समजावून तिचा घसा बसायची वेळ आली तेव्हा, पाच वर्षांपूर्वी, तिने 'बोलू या' नावाचं पेज सुरू केलं. दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ, त्यात ती, पत्ते आणि मागे पांढरी भिंत. चार हजार लोक बघत होते आणि तेवढे तिला पुष्कळ होते. नियम एकच: पेजवर घर नाही, घरच्या खात्यावर दवाखाना नाही. घरच्या खात्यावर एकशे चाळीस माणसं होती, मावश्या, कॉलेजच्या मैत्रिणी, वहिनीच्या माहेरचे. दोन्ही खाती एकाच फोनवर. एकातून दुसऱ्यात जायला अंगठा क्षणभर दाबून धरावा लागे. ती क्षणभराची भिंत तिने डोळ्यांत तेल घालून सांभाळली होती. एकदा चुकून भाचीच्या वाढदिवसाचा फोटो पेजवर गेला, तो तिने अर्ध्या मिनिटात काढला. तेवढ्यात सतरा जणांनी शुभेच्छा दिल्या होत्या आणि एकाने विचारलं होतं, मुलीला बोलायला नेमकी काय अडचण आहे.

मग बाबांना झटका आला. बाबा गाडी चालवायला शिकवायचे. चौतीस वर्षं ते शेजारच्या सीटवर बसले, पायाशी जादा ब्रेक, आणि थरथरत्या माणसांना शांतपणे, मोजक्या शब्दांत सांगत राहिले. क्लच हळू सोड. आरसा बघ. घरातही त्यांचं बोलणं असंच, शेजारच्या सीटवरचं. तिने लग्न केलं नाही तेव्हा नातेवाईक तोंड दुखेपर्यंत बोलले, बाबा एकदाच म्हणाले होते, "तुझी गाडी आहे, तू बघ." झटक्याने उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. तीन आठवड्यांनी जे परत आलं ते एवढंच: "हळू सोड", "आरसा बघ" आणि "हो". पहिली दोन वाक्यं कुठून आली हे तिला ठाऊक होतं. हजारो वेळा म्हटलेलं मेंदूत वेगळ्या कप्प्यात राहतं, शिव्या आणि पाढे राहतात तसं. ते बोलणं खरं तर बोलणं नसतं. 'हो' मात्र सगळ्यांनाच परत येतो, सगळ्यात आधी, आणि सगळ्यात जास्त फसवतो.

ती घरीच रोज त्यांचा सराव घेऊ लागली. नोंद राहावी म्हणून फोन कपाटाला टेकवून रेकॉर्ड करायची. एक दिवस तिने कपाचं चित्र दाखवलं आणि बाबा छाती काढून, पुऱ्या अधिकाराने म्हणाले, "आरसा बघ." ती हसली. मग तेही हसले, अर्ध्या तोंडाने. सात महिन्यांत त्या घरात कोणी हसलं नव्हतं. संध्याकाळी ती क्लिप परत परत बघताना तिला वाटलं की हे बघून कुठल्यातरी घरातली माणसं आपल्या म्हाताऱ्यावर चिडायची थांबतील. तिने विचारलं, "बाबा, हे पेजवर टाकू? लोकांना दाखवू?" बाबा म्हणाले, "हो."

या 'हो'चं काय करायचं असतं हे तिच्याइतकं त्या घरात कोणाला माहीत होतं? दवाखान्यात कुठल्याही कागदावर पेशंटची सही घेण्याआधी ती उलटसुलट विचारते. तुमचं नाव अमुक ना? हो. तुम्ही बाई आहात का? हो. असं झालं की कागद परत फाइलमध्ये, सहा महिने तरी. बाबांना तिने उलटा प्रश्न विचारला नाही. विसरली नव्हती. प्रश्न जिभेवर आला होता, आणि उत्तर काय येईल हेही माहीत होतं, म्हणूनच तिने तो गिळला. अंगठा क्षणभर दाबून धरला, घरातून दवाखान्यात गेली, आणि क्लिप टाकली.

चार हजारांचे साठ हजार झाले. लोक त्यांना 'आपले बाबा' म्हणू लागले. दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी सातला नवी क्लिप. चित्रीकरण शनिवारी, एका बैठकीत पाच-सहा. नवे पेशंट येऊ लागले तेव्हा डॉक्टरांनी दवाखान्याच्या पाटीवर तिचं नाव स्वतःच्या नावाच्या बरोबरीने लावलं. बाबांना खरंच शब्द येत होते, सावकाश, महिन्याला तीन-चार. पेजवर त्या तीन-चारांचे आठ भाग व्हायचे. दूरच्या शहरात राहणाऱ्या दादाने एकदा फोन केला. ऑफिसात कोणीतरी गटावर बाबांच्या चेहऱ्याचं स्टिकर टाकलं होतं, वाकडं तोंड, खाली 'आरसा बघ'. ते त्याच्या साहेबाने हसून पुढे पाठवलं, त्यालाच. "छोटी," दादा म्हणाला, "मी त्यांना सांगू शकलो नाही की हे माझे वडील आहेत. म्हणजे बघ." तिने त्याला समजावलं की यातून किती घरांना मदत होते. ते खोटं नव्हतं. तो ऐकून घेऊन म्हणाला, बरं.

बाबा एका रविवारी दुपारी गेले, दुसऱ्या झटक्याने, हॉस्पिटलच्या वाटेवर. मंगळवारी सकाळी घर माणसांनी भरलेलं असताना ती स्वयंपाकघरात चहाचे कप मोजत होती आणि ओट्यावरचा फोन थरथरू लागला. वेळ लावून ठेवलेली क्लिप आपली आपण गेली होती. 'आज बाबा ताजेतवाने दिसतायत.' 'शर्ट छान.' तो शर्ट तेव्हा बाहेरच्या दोरीवर होता. थांबवायला दोन बोटं पुरली असती. तिने कप खाली ठेवला आणि उभ्या उभ्या सगळ्या कमेंट वाचल्या, शेवटपर्यंत. बाहेरच्या खोलीत तेच चाललं होतं, कसे होते, काय व्हायचे, किती सोसलं; तिथलं प्रत्येक क्रियापद भूतकाळात गेलेलं. फोनमधले बाबा अजून 'आहेत'मध्ये होते. दुपारी तिने घरच्या खात्यावर चार ओळी टाकल्या, पांढऱ्या फुलाचं चित्र लावलं. मावश्यांनी हात जोडले. मग अंगठा दाबून धरला आणि पलीकडे गेली. तिथे कोणी काही जोडलं नव्हतं. अशा अकरा क्लिप रांगेत होत्या. दादा दहाव्या दिवशी निघताना दारात म्हणाला, ते बंद कर. ती म्हणाली, "हो." अकरा संपल्या तेव्हा तिने जुनं चित्रीकरण उघडलं आणि उरलेल्या तुकड्यांतून बारावी बनवली. एका शनिवारचा शब्द, दुसऱ्या शनिवारचं हसू. अशा पंधरा झाल्या.

लिफ्टमधल्या बाई भेटल्या तो दिवस शुक्रवार होता. अकराला शिंपीकाका आणि काकू आले. काकांचं बायकांचे कपडे शिवायचं दुकान होतं. आता ते मुलगा चालवतो. काकांना सगळं समजायचं, डोळ्यांत दिसायचं, पण तोंडातून 'हो' आणि दहा-बारा शब्द. दर मंगळवारी-शुक्रवारी सकाळी सातला काकू टेबलावर फोन उभा करायच्या आणि काकांना बाबांसमोर बसवायच्या. "आज बाबांनी 'किल्ली' म्हटलं," काकू खुर्चीवर बसता बसता म्हणाल्या, "आणि यांनीही म्हटलं. दोन पावलं मागे आहोत आम्ही बाबांच्या, गाठूच." काकांनी मान डोलवली आणि म्हटलं, "किल्ली." स्वच्छ म्हटलं. ती 'किल्ली' चार महिन्यांपूर्वीची होती. तिने ती बुधवारी कापून, मागचा पंख्याचा आवाज पुसून, नव्या हसण्याला जोडली होती. तिने "वा, काका" म्हटलं आणि पत्ते पिसत राहिली. पिसताना लक्षात आलं, पुढच्या मंगळवारी द्यायला आपल्याकडे दीड मिनिटाचे तुकडे उरलेत.

डॉक्टरांना तिने त्याच दुपारी सांगितलं, म्हणजे मनात काय चाललंय ते सांगायचा प्रयत्न केला. ते कानात बघायचा दिवा पुसत होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं: खोटं तू कुठे बोललीस, फक्त सांगितलं नाहीस. लोकांना फायदा होतोय ना? मग हळूहळू कमी कर, आठवड्याला एक, पंधरा दिवसांनी एक, लोक आपोआप विसरतात. त्यात दुष्टपणा नव्हता. ते तिच्याशी औषधाचा डोस उतरवावा तसं बोलत होते, आणि तिला ते पटतही होतं. लिफ्टमध्ये उमटलेला आपला तो स्वच्छ आवाज तिने त्यांना ऐकवायला हवा होता, पण तो कसा ऐकवणार.

रविवारी दुपारी ती तुकडे शोधायला बसली. आई पलीकडे पलंगावर वाळलेले कपडे घड्या घालत होती. मूळ चित्रीकरण तिने अखंड असं कधी बघितलंच नव्हतं. शब्द कुठे आहे ते शोधायचं, अलीकडे-पलीकडे कापायचं, बाकीचं तसंच ठेवून द्यायचं, हीच सवय. त्या दिवशी शब्दच उरले नव्हते म्हणून तिने एक फाइल सुरुवातीपासून लावली. 'पुरे'ची. ती क्लिप पेजवर सगळ्यात जास्त चालली होती. तिने पुस्तकाचं चित्र दाखवलं होतं, पहिला आवाज दिला होता, "पु...", आणि बाबा म्हणाले होते, "पुरे." तिने टाळी वाजवली होती. वरती लिहिलं होतं, बाबांचा नवा शब्द, पुस्तकाच्या दारापर्यंत पोचलो. पहिला आवाज बरोबर, पुढचा चुकला, म्हणजे वाट सापडतेय; शास्त्राप्रमाणे तो अर्थ अगदी चोख होता. वहीतही तिने तसंच नोंदवलं होतं. कापलेल्या भागात पुढचं होतं. टाळी संपते. बाबांचा डावा हात उठतो, फोनच्या दिशेने येतो, तळहात मोठा मोठा होत सगळी चौकट भरून टाकतो, त्यावरच्या रेषा दिसतात. काळोखातून तिचाच आवाज येतो, उत्साही, कुठेही न अडखळणारा: "बाबा, हात खाली." हात खाली जातो. बाबा तिच्याकडे बघतात, फोनकडे नाही, आणि हलकेच, शेजारच्या सीटवरून सांगावं तसं म्हणतात, "पुरे." आणि ती पुढचं चित्र उचलते.

तिने ते तीनदा लावलं. तिसऱ्यांदा तिला कळलं की आपण बाबांचा शब्द तपासतोय: ओठ नीट मिटलेत का, 'र' स्पष्ट आहे का. दोन्ही वेळा स्पष्ट होता. झटक्यानंतरच्या दोन वर्षांत कोणी सुचवल्याशिवाय, जागेवर, नेमका बोललेला बाबांचा तो बहुधा एकमेव शब्द होता, आणि तो समजण्याचं शिक्षण घेतलेलं माणूस समोर बसून टाळ्या वाजवत होतं. तिचे कान तापले, लहानपणी वर्गात चूक पकडली गेली की तापायचे तसे. तिने फोन उचलून आईसमोर धरला. आईने पेज कधी बघितलं नव्हतं. घडी घातलेला टॉवेल मांडीवर ठेवून तिने शेवटपर्यंत बघितलं.

"मला माहीत होतं," आई म्हणाली.

"मग तू बोलली का नाहीस?"

"तू त्यांना बरं करत होतीस. मला काय कळतंय त्यातलं? मला वाटलं, औषध कडू असतं तसं असेल."

आईच्या बोलण्यात टोमणा शोधायचा तिने प्रयत्न केला. सापडला असता तर बरं झालं असतं. आई पुढची घडी घालू लागली. थोड्या वेळाने तिने आपणहून सांगितलं की 'पुरे' ते तिलाही म्हणायचे, ती जास्त वाढायची तेव्हा, आणि ती तरी कुठे थांबायची. आणि शनिवारी सकाळी मात्र ते दाढी करून घ्यायचे. एरवी चार चार दिवस करू द्यायचे नाहीत. शनिवारी स्वतः गालावरून हात फिरवून दाखवायचे, इथे राहिलंय, तिथे राहिलंय. म्हणजे त्यांना आवडायचं का, तिने घाईने विचारलं, आणि विचारताना तिला ऐकू आलं की शब्द पुरवतेय आपण, घरच्यांसारखा. आईने जरा विचार केला. "आता ते काय सांगू? फोन येणार म्हणून करत असतील. तू दोन तास समोर बसणार म्हणूनही असेल. विचारायचं कोणाला?" आईच्या हातात दोरीवरचा तो शर्ट नव्हता. तो केव्हाच देऊन टाकला होता. उशांचे अभ्रे होते, ते तिने मोजून कपाटात ठेवले.

मंगळवारी सातला काहीच गेलं नाही. सात वीसला काकूंचा फोन आला, आज बाबा आले नाहीत, आमचं नेट बिघडलंय का. तिने त्यांना अकराला बोलावलं. रात्रभर जुळवलेली वाक्यं खोलीत शिरल्यावर कामाला आली नाहीत. तिने पत्ते बाजूला सरकवले आणि सांगितलं, बाबा गेले, तेरा आठवडे होऊन गेले, त्यानंतरच्या सगळ्या क्लिप जुन्या होत्या आणि काही तर जोडकाम होतं. या वेळी आवाज अडला. 'गेले'वर अडला, आणि पुढे 'जोडकाम'वर, तो शब्द शिंप्यासमोर बोलताना.

काकू बोटांवर मागे मोजत गेल्या. "म्हणजे 'छत्री' म्हणाले तेव्हा..."

"नव्हते."

"यांना मी सांगायची, बघा, तुमच्याहून सात वर्षांनी मोठे आहेत, तरी करतात. रोज सांगायची." काकूंचा आवाज चढला नाही. "पेजवाल्यांचं सोडा. तुम्ही आम्हाला तरी सांगायचं होतं. आम्ही इथे येत होतो ना, या खोलीत." त्या उठल्या आणि पॅसेजमध्ये जाऊन उभ्या राहिल्या. काचेतून त्यांची पाठ दिसत होती. काका उठले नाहीत. तिच्याकडे बघत राहिले, बराच वेळ, आणि तिला ते बघणं वाचता येईना. राग होता, कीव होती, की नुसती वाट बघणं होतं. तिने काही पुरवलं नाही. शेवटी त्यांनी डाव्या हाताने पत्त्यांचा गठ्ठा टेबलाच्या कडेवरून मध्ये ओढला आणि तिच्याकडे ढकलला. तास अजून बत्तीस मिनिटं उरला होता. तिने वरचं चित्र उचललं. काकू शेवटच्या दहा मिनिटांना आत आल्या आणि तिसऱ्या खुर्चीवर बसल्या. दोन आठवडे त्यांनी तिच्याशी कामापुरतं बोलणं ठेवलं.

त्या संध्याकाळी तिने पेजवर सगळं लिहिलं. बाबा गेल्याचं, तुकडे जोडल्याचं, 'पुरे'चं खरं काय होतं त्याचंही. घरच्या खात्यावर लिहावं तसं लिहिलं गेलं, आणि अंगठा दाबून धरायचं तिच्या लक्षातही राहिलं नाही. दोन हजारांच्या आसपास उत्तरं आली. बहुतेकांनी हात जोडले. मावश्यांनी जोडलेले आणि हे, अगदी एकसारखे. काहींनी तिला नको नको ते म्हटलं आणि तिने ते काढलं नाही. एकाने लिहिलं होतं, 'मी वडिलांना रोज तुमचे बाबा दाखवत होतो. आता त्यांना काय सांगू?' त्याला तिने तीनदा उत्तर लिहिलं, तीनदा पुसलं, आणि मग नंबर मागून फोन केला. पाऊण तास बोलली. सगळ्या क्लिप तिने लपवल्या. पुसल्या नाहीत, कारण दादाने फोनवर सांगितलं की पेजवरचं मला काही नको, जे कापलंस ते सगळं पाठव. ते पाठवायला दोन दिवस लागले. बघून त्याने काही कळवलं नाही. आठवड्याने घरच्या गटावर त्याचा एकच निरोप आला, चौदाव्या फाइलला शेवटी ते शिट्टी वाजवतायत, ऐकलीस का. तिने ऐकली नव्हती. डॉक्टर चार दिवस घुश्शात होते, मग एका सकाळी त्यांनी स्वतःच दोन पेशंट तिच्या खोलीत आणून बसवले. पेज राहिलं. त्यात परत ती, पत्ते आणि मागे पांढरी भिंत. साठ हजारांतले वीस हजार पांगले, उरलेल्यांपैकी किती बघत होते देव जाणे.

मग एका शुक्रवारी काकूच म्हणाल्या, आता यांचे घ्या. यांनी बाबांना बघून केलं, कोणी यांना बघून करेल. काकू मनापासून बोलत होत्या; त्यांनी काकांना इस्त्रीचा शर्ट घालून आणलं होतं. तिने फोन बॅगेतून काढलाही नाही. काकांकडे वळून विचारलं, "काका, तुमचा व्हिडिओ काढू? पेजवर टाकू?"

"हो," काका म्हणाले.

"म्हणजे काढायला नको ना?"

"हो."

काकू हिरमुसल्या. त्यांना मनातून हवंय, मला कळतं ना, त्या म्हणाल्या, चाळीस वर्षांचा संसार आहे. असेलही, ती म्हणाली, पण आपण पुढच्या आठवड्यात परत विचारू. तेव्हापासून दर शुक्रवारी तास संपता संपता तिने तेच दोन प्रश्न विचारले, कधी सरळ आधी, कधी उलटा आधी, आणि प्रत्येक वेळी घड्याळाकडे न बघता थांबली. दोन्हींना 'हो' यायचं. काका मधल्या काळात 'सुई' म्हणाले, 'दुकान' म्हणाले, एकदा मुलाचं नाव म्हणाले आणि स्वतःच दचकले. सातव्या शुक्रवारी तिने विचारलं, "काका, व्हिडिओ काढू?" काकांनी तोंड उघडलं, मिटलं. ओठ एका जागी आले आणि तिथेच राहिले. काकू पुढे झुकल्या. तिने टेबलाखालून त्यांच्या हातावर हात ठेवला. खाली कोणीतरी शटर ओढलं, ते पूर्ण वर जाईपर्यंत कोणी बोललं नाही.

"न... नको," काका म्हणाले.

"मग नको काढू?"

"नको."

"पेजवर टाकू?"

काकांनी मान हलवली, ठाम, आणि जरा वैतागून, एकच गोष्ट किती वेळा विचारता अशा चेहऱ्याने म्हणाले, "नको नको."

काकूंनी निःश्वास टाकला आणि पर्स उचलली. एवढा इस्त्रीचा शर्ट, त्या पुटपुटल्या. ती वही ओढून तारीख घालून खाली 'नको' लिहीत होती, आणि तिला हसू आवरत नव्हतं. काकूंनी ते बघितलं. "नाही म्हणाले ते," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही हसताय काय?"

तिने वही काकांपुढे फिरवली, लिहिलेल्या शब्दावर बोट ठेवलं, आणि त्यांनी तो परत वाचून दाखवला.